गवताने झाकणे आणि समेट घडवणे : मध्यस्थांच्या प्रशिक्षणाची विनयदृष्टीने समीक्षा

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात एक छोटा प्रसंग आला आहे. भगवंतांनी विनयाची महती सांगितल्यावर अनेक भिक्खू उपालि स्थविरांकडे विनय शिकण्यास जाऊ लागले. त्यांत नवे होते, मध्यम होते आणि ज्येष्ठही होते. उपालि ज्येष्ठांच्या आदराने उभे राहून शिकवीत आणि ज्येष्ठ धम्माच्या आदराने उभे राहून शिकत. दोन्ही पक्ष थकून जात. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी नियम केला, की शिकवणारा वयाने धाकटा असला तरी त्याने समान अथवा उंच आसनावर बसावे आणि शिकणाऱ्या ज्येष्ठाने समान अथवा खालच्या आसनावर बसावे.

हे उपालि कपिलवस्तूच्या शाक्यकुमारांचे न्हावी होते. कुमारांनी आपला कुलाभिमान गळून पडावा म्हणून त्यांना आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती केली होती. पुढे संघातील वाद मिटवण्याचे शास्त्र ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, ते विनयधरांतील अग्रगण्य हेच. तंटा सोडवणारा कोण असावा, त्याला कोणी शिकवावे आणि शिकताना कोणी कोठे बसावे, हे तीनही प्रश्न या एका प्रसंगात सामावले आहेत. आज आपल्या देशात व्यावसायिक मध्यस्थांची नवी पिढी घडवण्याची भाषा होत आहे. अमरावती-अकोल्याच्या भूमीवरून तिच्याकडे पाहताना हेच तीन प्रश्न पुन्हा विचारणे आवश्यक वाटते.

१. कायद्याची चौकट

मध्यस्थी ही आपल्या न्यायव्यवस्थेत अगदी नवी गोष्ट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ ने लोकन्यायालयांना वैधानिक अधिष्ठान दिले. दिवाणी प्रक्रिया संहितेतील नवे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले आणि लवाद, समेट, लोकन्यायालय व मध्यस्थी हे मार्ग न्यायालयासमोर खुले झाले. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने न्या. जगन्नाथराव समितीच्या आदर्श नियमांना मान्यता दिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती स्थापन झाली. मध्यस्थाला चाळीस तासांचे प्रशिक्षण द्यावे, ही आज सर्वपरिचित झालेली पद्धत या समितीच्या कार्यातून रूढ झाली. जिल्हा न्यायालयांशी जोडलेली मध्यस्थी केंद्रे अमरावतीत आणि अकोल्यातही आहेत. २०२५ मध्ये १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात देशभर प्रलंबित प्रकरणांसाठी मध्यस्थीची मोहीम राबवण्यात आली, तीत तालुका न्यायालयेही होती.

या साऱ्यावर कळस म्हणून मध्यस्थी अधिनियम २०२३ आला. १४ सप्टेंबर २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यातील काही कलमे अमलात आली. भारतीय मध्यस्थी परिषद, नोंदणीकृत मध्यस्थ, मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था अशी व्यवसायाची पूर्ण चौकट त्यात आखलेली आहे. आपल्या दृष्टीने त्यातील कलम ४३ व ४४ सर्वांत महत्त्वाची आहेत. एखाद्या परिसरातील रहिवाशांची अथवा कुटुंबांची शांतता व सलोखा बिघडवू शकेल असा तंटा, दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने, तीन मध्यस्थांच्या मंडळाकडे सोपवण्याची ही तरतूद आहे. हिला सामुदायिक मध्यस्थी म्हटले आहे. पहिल्या अधिसूचनेत ही कलमे नव्हती. तथापि खेड्यापाड्यांचा संबंध येतो तो मुख्यतः यांच्याशीच, म्हणून त्यांची समीक्षा आधीच व्हायला हवी.

महाराष्ट्राला या वाटेचा अनुभव आहे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती निवडावी, दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे गावातच मिटवावेत, आणि मूल्यमापनात उतरलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात रोख पुरस्कार द्यावा, अशी तिची रचना होती. या मोहिमेला केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी भावकी काही ठिकाणी खरोखरच एका सतरंजीवर बसली. वऱ्हाडातील कितीतरी गावांत घरच्यांनी नाकारलेल्या तरुण जोडप्यांचे विवाह समितीने पुढे होऊन लावून दिले, त्यांत आंतरजातीय विवाहही होते. परंतु तंटा मिटवणाऱ्याला तंटा म्हणजे काय हे कोणी शिकवले होते, हा प्रश्न त्या मोहिमेत अनुत्तरित राहिला. मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजली गेली. मिटवण्याची रीत मात्र कोणी तपासली नाही.

२. आधी तंट्याची जात ओळखा

विनयपिटकाची या संदर्भातील थोरवी अशी, की उपाय सांगण्यापूर्वी ते व्याधीचे निदान करते. समथक्खन्धकात अधिकरणाचे, म्हणजे सोडवण्यास आलेल्या प्रकरणाचे, चार प्रकार सांगितले आहेत. मतभेदातून उद्भवलेले ते विवादाधिकरण. कोणी कोणावर दोषारोप केला त्यातून उद्भवलेले अनुवादाधिकरण. प्रत्यक्ष दोष घडल्यामुळे उद्भवलेले आपत्ताधिकरण. आणि संघाच्या कार्यपद्धतीविषयीचे किच्चाधिकरण. सात अधिकरणसमथ, म्हणजे शमनाचे सात उपाय, या चारांना सरसकट लागू होत नाहीत. विवादाला दोन उपाय चालतात, दोषारोपाला चार, दोषाला तीन आणि कार्याला एकच. चारही प्रकारांत समान असलेला उपाय एकच, तो म्हणजे सम्मुखाविनय, समोरासमोरचा निवाडा.

आजच्या प्रशिक्षणात याचे स्थान कोठे आहे? चाळीस तासांत शिकणाऱ्याला ऐकण्याचे कौशल्य, प्रश्न विचारण्याची रीत, दोन्ही पक्षांशी स्वतंत्र बैठक, हट्टामागील हित शोधणे, करार लिहिणे, हे सर्व शिकवले जाते आणि ते उपयुक्तच आहे. पण हे सारे तंत्र एका गृहीतकावर उभे आहे, की समोर आलेला प्रत्येक तंटा विवादाधिकरण आहे. दोन समान माणसे, दोन भिन्न मते, मधोमध एक टेबल. वऱ्हाडातील गावात अनेकदा चित्र तसे नसते. दोन भावांमधील धुऱ्याचे भांडण हे विवादाधिकरण होय. पांदण रस्ता कोणी नांगरून टाकला याचे भांडण विवादासारखे दिसते, पण त्यात एकाकडून दोष घडलेला असतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या सुनेचे प्रकरण नांदवण्या-न नांदवण्याच्या मतभेदाचे म्हणून मांडले जाते. बहुधा ते दोषाचे असते. आणि सार्वजनिक विहिरीवरून, मिरवणुकीच्या वाटेवरून अथवा निळ्या झेंड्यावरून झालेली मारहाण ‘दोन गटांतील वाद’ या शीर्षकाखाली येते, तेव्हा तर निदानच पूर्ण चुकलेले असते.

अ‍ॅफकॉन्स प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने कोणती प्रकरणे मध्यस्थीला योग्य आणि कोणती अयोग्य याची वर्गवारी केली. २०२३ च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतही मध्यस्थीबाहेरचे विषय दिले आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ खालचे गुन्हे तडजोडीस पात्र नाहीत. रामावतार विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या निवाड्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने असे खटले काही मर्यादित परिस्थितीत रद्द करण्याचा अधिकार मान्य केला. तरीही तडजोड दडपणाखाली झाली नाही ना, याची कसून खात्री न्यायालयाने करावी ही अट राहिली. म्हणजे कायद्याला भेद कळतो. पण भेद करण्याची वेळ न्यायालयात येत नाही. ती येते रात्री नऊ वाजता, गावच्या पारावर, ठाण्यात तक्रार जाण्याच्या आधी. त्या वेळी तेथे बसलेल्या माणसाला ‘हे माझ्याकडे आणू नका, हे पोलिसांचे काम आहे’ असे म्हणता आले पाहिजे. नकार देण्याची ही विद्या प्रशिक्षणात पहिली असावी. सध्या ती शेवटच्या तासाला उरकली जाते.

३. तिणवत्थारक : गवत कोठे टाकायचे नाही

सात समथांतील शेवटचा उपाय तिणवत्थारक. शब्दशः अर्थ, गवताने झाकणे. अट्ठकथेतील उपमा अशी, की मळ ढवळला तर दुर्गंधी वाढते, गवताने झाकला तर ती थांबते. दोन्ही तटांतील भिक्खूंनी भांडणाच्या भरात परस्परांना इतके काही केले-बोलले असेल, की एकेक दोष उकरत बसल्यास संघच फुटेल, अशा वेळी दोन्ही तटांनी एकत्र जमावे, प्रत्येक तटाच्या वतीने एका समर्थ भिक्खूने बोलावे आणि सर्वांचे दोष एकदम मिटवावेत, अशी ही पद्धती आहे.

आपल्या लोकव्यवहाराला हा उपाय सर्वांत जवळचा वाटतो. ‘झाले गेले विसरा, चहा घ्या, गळ्यात गळे घाला’ ही गावच्या बैठकीची ठरलेली अखेर असते. म्हणूनच तिणवत्थारकाच्या मर्यादा नीट वाचल्या पाहिजेत, आणि त्या संहितेत स्पष्ट आहेत. गंभीर दोष, ज्याला थुल्लवज्ज म्हटले आहे, त्याने झाकला जात नाही. गृहस्थांशी संबंधित दोष, म्हणजे संघाबाहेरच्या माणसावर केलेला अन्याय, त्याने झाकला जात नाही. ज्याने आपली असहमती उघड केली, त्याला तो बांधत नाही. आणि जो तेथे उपस्थितच नव्हता, त्यालाही तो बांधत नाही.

हे चार अपवाद म्हणजे मध्यस्थांच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचे चार खांब ठरावेत. गंभीर गुन्हा झाकू नका. ज्याच्यावर अन्याय झाला तो तुमच्या वर्तुळाबाहेरचा असेल तर वर्तुळातल्या लोकांनी आपसांत क्षमा करून भागत नाही. नाही म्हणणाऱ्याचे नाही नोंदवा. आणि गैरहजर माणसाच्या नावाने समेट करू नका. वऱ्हाडात ‘तोडपाणी’ हा शब्द ज्या व्यवहाराला वापरतात, त्यात नेमके हे चारही नियम मोडलेले असतात. तोडपाणी आणि समेट यांत बाहेरून फरक दिसत नाही. दोन्हींत कागद असतो, सह्या असतात, साक्षीदार असतात.

हा फरक विनयाला ठाऊक होता. कोसम्बीच्या भिक्खूंचे भांडण मिटल्यावर उपालींनी भगवंतांना विचारले, की प्रकरणाचा विचार न करता, मुळापर्यंत न जाता जर संघाने ऐक्य केले, तर ते धर्मानुकूल होय काय? उत्तर नकारार्थी आले. तेथेच संघसामग्गीचे, म्हणजे ऐक्याचे, दोन प्रकार सांगितले आहेत. एकात शब्द आहे पण अर्थ नाही, दुसऱ्यात शब्दही आहे आणि अर्थही. माझ्या मते मध्यस्थीच्या समग्र शास्त्राला यापेक्षा नेमकी कसोटी सापडणार नाही. पुरस्कारासाठी मोजले जातात ते शब्द. अर्थ तपासायचा तर सहा महिन्यांनी पुन्हा त्या घरी जावे लागते.

४. ‘प्रतिष्ठित’ म्हणजे कोण?

कलम ४३ मध्ये मंडळावर कोणाला घेता येईल याची यादी आहे. समाजात मान असलेल्या, सचोटीच्या व्यक्ती, समाजकार्याबद्दल गौरवलेले स्थानिक लोक, रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेले, आणि योग्य वाटणारी अन्य कोणतीही व्यक्ती. स्त्रियांना व अन्य वर्गांना प्रतिनिधित्व देण्याचा विचार करता येईल, असेही म्हटले आहे. ‘करता येईल’ हा शब्दप्रयोग लक्षात घ्यावा. विचार करणे ऐच्छिक आहे.

गावात ‘मानाची व्यक्ती’ म्हणजे कोण, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही वाचकाला सांगायला नको. ज्याच्या नावावर ओलिताची शेती आहे, ज्याचे माणूस बाजार समितीत आहे, ज्याच्या ओट्यावर अधिकारी चहा घेतात. अशी व्यक्ती प्रामाणिक नसते असे मुळीच नाही. पण तिच्या शेतात निंदणाला जाणाऱ्या बाईने तिच्यासमोर आपले गाऱ्हाणे मांडावे आणि उद्या पुन्हा त्याच शेतात कामाला जावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे. जातपंचायतींच्या जाचामुळेच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. पंचांच्या हाती पुन्हा कागद द्यायचा असेल, तर पंच कोण हे आधी ठरले पाहिजे.

विनयाने प्रतिष्ठेऐवजी गुणांची यादी दिली. शलाका वाटणाऱ्या, म्हणजे मत घेणाऱ्या भिक्खूत पाच गोष्टी हव्यात. तो छन्दागतीने जाणारा नसावा, दोसागतीने नसावा, मोहागतीने नसावा, भयागतीने नसावा. आवड, द्वेष, अज्ञान आणि भय या चार वाटांनी निवाडा वाकतो. पाचवी गोष्ट अगदी व्यावहारिक आहे, कोणाचे मत घेतले व कोणाचे घेतले नाही हे त्याला ठाऊक असावे. याहून कठीण प्रकरण निवडक भिक्खूंच्या समितीकडे, उब्बाहिकेकडे जाते. तिच्या सदस्याला दहा गुण सांगितले आहेत. शील, बहुश्रुतता, विनयाचे ज्ञान यांच्या जोडीला त्याने दोन्ही प्रतिपक्ष्यांना धीर देता यावे, समजावता यावे, विचाराला प्रवृत्त करता यावे, दाखवता यावे आणि प्रसन्न करता यावे, असे म्हटले आहे. आणि शेवटी त्याने अधिकरण, त्याचा उदय, त्याचा निरोध व निरोधाचा मार्ग जाणावा. चार आर्यसत्यांचीच रचना येथे भांडणाला लावली आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष पाहण्यासारखी आहे. भांडण हेही एक दुःख आहे, आणि त्याला कारण आहे.

वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दहा वस्तूंच्या वादासाठी नेमलेल्या उब्बाहिकेत चार भिक्खू पूर्वेकडचे आणि चार पश्चिमेकडचे होते. म्हणजे दोन्ही पक्षांना मंडळात समान स्थान होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांचा वाद ज्या रीतीने मांडला, त्यातही हेच तत्त्व दिसते. अट्ठकथेत तो वाद बुद्धत्वानंतरचा असून भगवान स्वतः येऊन दोन्ही सैन्यांना परावृत्त करतात. बाबासाहेबांच्या मांडणीत तो सिद्धार्थाच्या गृहत्यागापूर्वीचा आहे. सिद्धार्थ संघसभेत सुचवतो, की शाक्यांनी दोघे निवडावेत, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा. येथे कोणाचा दैवी प्रभाव नाही, सेनापतीच्या विरोधापुढे ही सूचना फेटाळलीही जाते. पण मंडळ कोणी नेमावे, याचे उत्तर मात्र स्पष्ट मिळते. ते पक्षांनी नेमावे. २०२३ च्या अधिनियमात सामुदायिक मध्यस्थीचे मंडळ प्राधिकरण अथवा जिल्हा व उपविभागीय दंडाधिकारी नेमतात. हा फरक लहान नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. विनय म्हणजे परिपूर्ण संविधान नव्हे. शलाकाग्रहणाच्या एका पद्धतीत, धर्मविरोधी बाजूचे बहुमत दिसल्यास मत घेणाऱ्याने ते रद्द ठरवावे असे सांगितले आहे, आजच्या वाचकाला ते सहज पटणार नाही. भिक्खुनींना भिक्खूंना बोल लावण्याची मोकळीक परंपरेने दिली नाही, हेही संहितेत आहे. शिवाय विनय ज्या संघासाठी आहे, त्यात प्रवेश करताना प्रत्येकाने तो स्वेच्छेने स्वीकारलेला असतो. गाव कोणी असे स्वेच्छेने स्वीकारत नाही. म्हणून विनयाची नक्कल नको, त्यातील प्रश्न घ्यावेत.

५. आपल्याच अंगणात

दुसऱ्यांच्या पारावर टीका करताना आपल्या विहाराच्या ओट्याकडे पाठ फिरवणे प्रामाणिकपणाचे नाही. आपल्या वस्त्यांत एका जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात, एका विहाराला दोन समित्या असतात, वर्गणीच्या हिशोबावरून वर्षावासाच्या प्रवचनाला अर्धी वस्ती येत नाही, हे आपण सारे जाणतो.

काही वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातील माझ्या गावी असाच तट पडला. विहाराच्या बांधकामाचा निधी आणि जागेचा सातबारा या दोन्हींवरून वाद होता. मी विद्यापीठात शिकलेला, पाली जाणणारा, म्हणून मला बोलावले गेले. एका तटाचा प्रमुख माझा मावसभाऊ होता. मी ते लपवले नाही, पण त्यामुळे बाजूलाही झालो नाही. सायंकाळी बैठक बसली, दोन्ही बाजूंचे पुरुष बसले. मी कोसम्बीची कथा सांगितली, सर्वांना भरून आले, नव्या समितीत दोन्ही तटांची नावे घातली आणि जुना हिशोब बंद करावा असे ठरवले. त्या रात्री मला स्वतःचे कौतुक वाटले.

पुढच्या वर्षी तट पुन्हा पडला, अधिक कडवटपणे. तेव्हा उशिरा कळले, की त्या निधीतला मोठा भाग उपासिकांनी गोळा केलेला होता. दर आठवड्याला मजुरीच्या पैशातून बाजूला काढून त्यांनी तो जमवला होता. हिशोब त्यांना हवा होता. बैठकीला त्यांपैकी कोणालाही बोलावलेले नव्हते. मी त्यांच्या नावाने गवत टाकले होते. एका वृद्ध उपासिकेने मला एवढेच विचारले, ‘तुमी त शिकलेले हा, आमाले काऊन नाई इचारलं?’ या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्या संहितेवर मी व्याख्याने देतो, तिच्यातला अनुपस्थिताचा नियम मला पाठ होता. मावसभावाच्या बाबतीत छन्दागती कोणती, हेही मला ठाऊक होते. ज्ञान होते, अभ्यास नव्हता. प्रशिक्षणाची गरज अशिक्षित पंचालाच असते, हा माझा समज त्या दिवशी गळून पडला.

सम्मुखाविनयात चार सम्मुखता सांगितल्या आहेत. संघ समोर हवा, धम्म समोर हवा, विनय समोर हवा आणि व्यक्ती समोर हव्यात. मी पहिल्या तीन जमवल्या असे समजत होतो. चौथी नसेल तर पहिल्या तीनही नसतात, हे तेव्हा उमगले.

६. नव्या पिढीसाठी

भिक्खुजीवनात समर्थ भिक्खूलाही किमान पाच वर्षे आचार्याच्या निस्सयात, म्हणजे आश्रयाने, राहावे लागे. उपज्झाय होण्यास दहा वर्षावास लागत. चाळीस तास ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पूर्तता म्हणून नाही. प्रशिक्षित झालेल्या तरुण मध्यस्थाने निदान दोन-तीन वर्षे अनुभवी मध्यस्थाच्या शेजारी बसावे, बोलू नये, टिपावे, आणि प्रत्येक बैठकीनंतर दोघांनी चार अगतींच्या कसोटीवर ती तपासावी. आज मी कोणाकडे झुकलो? कोणाचा राग आला? काय मला समजलेच नाही? कोणाची भीती वाटली? या चार प्रश्नांना कोणतेही साहित्य लागत नाही, खर्चही लागत नाही.

दुसरे, स्थानिक ज्ञान. वऱ्हाडातल्या मध्यस्थाला सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा वाचता आला पाहिजे. राज्य शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असे किमान बारा वर्षे चालत आले असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदल नोंदवण्याची सोय तीत केली गेली. दोन भावांचे वैर ज्या कागदामुळे टिकून आहे, तो कागदच अशा वाटेने मिटू शकतो. परंतु हे माहीत नसलेला मध्यस्थ त्यांना केवळ बंधुप्रेमावर प्रवचन देईल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याच्या एका विहिरीचे मोल काय, हे ज्याला कळत नाही, त्याला त्या विहिरीच्या पाळीवरचे भांडण क्षुल्लक वाटेल.

तिसरे, मध्यस्थ कोठून येणार? आज बहुतेक मध्यस्थ वकिलांतून येतात. त्यांची कायद्याची जाण अपरिहार्य आहे. पण कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांचा अनुभव, परिचारिका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षिका यांचा अनुभव या क्षेत्रात यायला हवा. पाली व बौद्ध अध्ययनाचे पदवीधर दरवर्षी आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि नोकरीच्या शोधात इतिहासजमा होतात. समथक्खन्धक ज्यांनी मुळातून वाचला आहे, त्यांना या विद्येची ओळख अन्य कोणाहूनही आधी झालेली आहे. विहारांशी संलग्न संस्थांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने त्यांच्यासाठी एक वर्षाचा अभ्यासवर्ग सुरू करावा. त्यात अर्धा काळ संहितेला द्यावा आणि अर्धा काळ तालुक्याच्या ठिकाणी, प्रत्यक्ष बैठकीत. आणि वर्गातील पहिला अभ्यास आपल्याच समितीच्या हिशोबाचा असावा.

या सूचनेवर आक्षेप येईल, की न्यायालयांत प्रकरणांचे डोंगर साचले असताना इतका वेळ कोणापाशी आहे? आक्षेप खरा आहे. परंतु प्रकरणांचा डोंगर कमी करणे हा मध्यस्थीचा हेतू ठरला, तर मध्यस्थ आपोआप गवत कापणारा होईल. कोसम्बीच्या भांडणात भगवंतांनी आधी एका तटाकडे जाऊन त्यांना सांगितले, मग दुसऱ्या तटाकडे जाऊन त्यांना सांगितले; दोन्ही तटांनी ऐकले नाही तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. त्यांनी घाईने ऐक्य लादले नाही. पुढे उपासकांनी दान बंद केले, भिक्खू श्रावस्तीला गेले, आणि ज्याच्यावरून भांडण सुरू झाले होते त्याने स्वतः विचार करून आपला दोष मान्य केला, तेव्हा ऐक्य झाले. तथागतांसारख्या मध्यस्थालाही वाट पाहावी लागली.

उपालि उभे राहून शिकवत होते, तेव्हा समोर उभ्या असलेल्या ज्येष्ठांत कदाचित शाक्यकुळातलेही असतील. वऱ्हाडातील एखाद्या गावी, उद्याच्या मध्यस्थीच्या वर्गात, निंदणाला जाणारी एखादी स्त्री उंच आसनावर बसून शिकवील आणि ओलिताचे शेत असलेला माणूस खाली बसून शिकेल, त्या दिवशी या प्रशिक्षणाला शब्दाबरोबर अर्थही आला असे म्हणता येईल. तोपर्यंत आपण सर्व अभ्यासकांनी निदान एवढे करावे, की बैठक सुरू करण्यापूर्वी सभोवार पाहावे आणि कोण आलेले नाही, हे मोठ्याने विचारावे.